धुराचा जमाखर्च
(बी. कॉम. भाग २)

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी मी आमच्या स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, लोखंडी कढईत चार निखारे ठेवले, त्यांवर मूठभर भुसा टाकला, वर चाळणीत कॉफीच्या भाजलेल्या बिया पसरल्या आणि त्यावर परात पालथी घातली. खिडकी लावण्याचे कारण एवढेच की बाहेर झड लागली होती आणि भुसा सर्दावेल अशी मला भीती होती. दहा मिनिटांत घरभर धूर झाला. मधल्या खोलीतून आजीचा खोकला ऐकू आला आणि तो थांबेचना. आई धावत आली. तिने खिडकी उघडली, कढई उचलून मोरीत ठेवली आणि मला म्हणाली, "तिनं जन्मभर हेच गिळलं रे! गॅस आला तेव्हा सुटली म्हणालो. आता तू हौसेनं आणून घालतोस होय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यात बरेच महिने गेले आणि जे हाती लागले ते ह्या अंकासाठी लिहून काढतो आहे. लेख कॉफीचाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर संपादकांना वाटायचे की ह्याने पाककृतीच्या नावाखाली भलतेच काही दिले.

कॉफीच्या बियांना धुरी देणे हा प्रकार अलीकडे शहराशहरांतून दिसू लागला आहे. गुळगुळीत पाकिटावर 'स्मोक्ड' असे छापलेले असते आणि भाव साध्या कॉफीच्या जवळजवळ दुप्पट. असे एक पाकीट आमच्या कँटीनमध्ये कुणीतरी आणले होते. त्यावरून दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, हे श्रीमंतांचे खूळ. दुसऱ्या तटाचे म्हणणे, ही परदेशी रीत असून आपल्याला ती कळायला वेळ लागेल. मला दोन्ही मते पटली नाहीत. परदेशी म्हणावे तर आपल्या घरात धुराला जितकी नावे आहेत तितकी फार थोड्या वस्तूंना असतील. चुलीचा तो धूर, देवापुढचा तो धूप, बाळ-बाळंतिणीला ओवा-बाळंतशेपांची द्यायची ती धुरी, आणि मठ्ठ्यात निखारा व तूप घालून झाकण ठेवायचे तो धुंगार. वांगे गॅसवर भाजले की भरीत 'होते', पण चुलीत भाजले की भरीत 'लागते', हे आमच्या आईचे मत. हिवाळ्यात गोवऱ्यांच्या आरात भाजलेला हुरडा, ज्याला आमचे कन्नड मित्र सीतनी म्हणतात, तो धुराशिवाय खाऊन पाहा. नुसती कोवळी ज्वारी लागेल. तेव्हा धुराची चव आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि कुणी कॉफीला ती देऊ पाहत असेल तर त्याला खुळा म्हणण्याचेही कारण नाही. चीनमधल्या फुजियान प्रांतात, वुई डोंगराच्या भागात, चहाची पाने चिडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. तो लापसांग सूचोंग चहा जगभर पैसे मोजून पितात.

शिवाय कॉफीच्या अंगात धूर आधीपासूनच असतो. लाकूड जळताना त्यातल्या लिग्निन ह्या द्रव्यापासून ग्वायकॉल नावाचे एक संयुग तयार होते. धुराचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यात त्याचा वाटा मोठा. तेच ग्वायकॉल कॉफीची बी भाजतानाही तिच्यात तयार होते, आणि बी जितकी काळपट भाजावी तितके ते जाणवते. इथिओपियात तर पाहुण्यासमोर बिया भाजतात आणि त्या वाफाळत्या बियांचा धूर हाताने पाहुण्याकडे वळवतात. पाहुण्याने तो हुंगायचा, मग कॉफी. तिथे कॉफीला 'बुना' म्हणतात. आमची आजी कॉफीच्या बियांना 'बुंद' म्हणते आणि अरबीत बियांना 'बुन्न' हा शब्द आहे. शब्दांच्या नात्यागोत्यांचा निवाडा मराठीच्या सरांनी करावा. मला ते आपले एकाच घरातले वाटतात.

आता दुसरी बाजू. ती मला माझ्या वसतिगृहात राहणाऱ्या मित्राने दाखवली. तो आमच्याच वर्गात, पण ह्याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा. त्याचे वडील सकलेशपूरकडे थोडीशी कॉफी लावतात. माझ्या पहिल्या प्रयोगाच्या बियाही त्याच्याच घरच्या होत्या. मी बियांना धूर देणार म्हणताच तो आधी हसला आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "होगे वासने बंद्रे माल वापस." धुराचा वास आला की माल परत! होगे म्हणजे धूर. (तंबाखूला कन्नडात होगेसोप्पु म्हणजे 'धुराची पाने' म्हणतात. निपाणीच्या तंबाखूचा जिल्हा आमचा. तेव्हा हा शब्द आम्हाला नवा नव्हता.)

त्याने सांगितले ते असे. कॉफीची बी ओल आणि वास दोन्ही चटकन ओढून घेते. मसाल्याच्या पोत्याशेजारी ठेवली तर मसाल्याची होते. तोडणीनंतर फळे उन्हात अंगणभर पसरून वाळवावी लागतात. अवेळी पाऊस आला की पसरलेला माल आत ओढायचा, आणि आत जागा नसेल तर चुलीच्या वरच्या माळ्यावर किंवा शेकोटीच्या आसपास. बुरशी लागण्यापेक्षा ते बरे, म्हणून लहान शेतकरी नाइलाजाने ते करतो. एका वर्षी त्यांच्या काही पोत्यांना असा वास लागला. व्यापाऱ्याने मूठभर बिया नाकाशी धरल्या आणि भाव खाली आणला. ते पैसे म्हणजे ह्याच्या एका वर्षाच्या वसतिगृहाची फी. कॉफी पारखणाऱ्यांच्या भाषेत धुराचा वास हा दोष आहे, आणि तो दोष शेतकऱ्याच्या नावे लिहिला जातो.

म्हणजे तीच बी, तोच धूर. सकलेशपूरच्या अंगणात लागला तर भाव पडतो, शहराच्या दुकानात लागला तर दुप्पट होतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विचार करावा अशी ही गोष्ट आहे, आणि मला वाटते आमच्या पाठ्यपुस्तकातल्या 'मूल्यवर्धन' ह्या शब्दापेक्षा तीत अधिक आहे.

असे पूर्वी झालेले नाही असे नाही. मान्सून्ड मलबार नावाची कॉफी ह्याचे जुने उदाहरण. शिडाच्या जहाजांच्या काळात आपली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जाई. महिनेच्या महिने समुद्रावरची दमट हवा खाऊन बिया फुगत, हिरव्याच्या पिवळट होत, त्यांची आंबट धार जाई. खरे पाहता तो माल बिघडलेला. पण पिणाऱ्यांना त्याचीच सवय झाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, वाफेची जहाजे आली, माल लवकर आणि ताजा पोहोचू लागला, तर गिऱ्हाईक म्हणे ही आमची कॉफी नव्हे! मग आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरच्या बाजूच्या गुदामांतून, पावसाळ्यात बिया मुद्दाम पसरून त्यांना ती ओली हवा देण्याची पद्धत पडली. आज त्या कॉफीला भौगोलिक मानांकन आहे. समुद्राने केलेला बिघाड गुदामात राखून, उलथून-पालथून, ठरवून केला की त्याला नाव मिळते.

तेव्हा धुरी देणे गैर नाही, असे माझे मत झाले. पण कुणाच्या मर्जीने दिली आणि कशावर दिली, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ते मत पुरे होत नाही.

'कशावर' हा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. धूर झाकतो. शिळी बी, कीड लागलेली बी, जुन्या पोत्याचा वास, सगळे धुराखाली जाते. काळीकुट्ट भाजणीही तेच करते आणि चिकोरीही तेच करते. चिकोरीच्या बाबतीत निदान कायदा जागा आहे. मिश्रणात कॉफी शेकडा ५१ पेक्षा कमी असता कामा नये आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे. आपल्यापैकी किती जण ते वाचतात हा भाग निराळा. मी स्वतः गेल्या वर्षापर्यंत वाचत नव्हतो आणि ४७ टक्के चिकोरी घातलेली पूड 'कडक कॉफी' म्हणून अभिमानाने पीत होतो. धुराखाली काय झाकले आहे ते मात्र नाकाला कळत नाही. म्हणून ज्याला धुराची चव हवी त्याने पाकीट विकत घेऊ नये, धुरी घरी द्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन. घरी दिली म्हणजे बी आपण पाहिलेली असते. चांगल्या बीवर बेताचा धूर सुरेख लागतो. वाईट बी मी आपणहून कशाला भाजीन?

घरी करणाऱ्यांसाठी माझ्या चुका सांगतो, कारण यश फारसे नाही. पहिल्या खेपेचा भुसा मी गल्लीतल्या एका फर्निचरच्या कारखान्यातून उचलून आणला. त्यात प्लायवूडचा भुसा होता आणि प्लायवूडच्या थरांत फॉर्माल्डिहाइडपासून केलेली खळ असते, हे मला नंतर कळले. त्या बियांना औषधाच्या कपाटाचा वास आला. सगळ्या फेकाव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला धुंगाराची आठवण होऊन निखाऱ्यावर तूप सोडले. तुपाची वाफ बियांवर बसली आणि चार दिवसांत त्या खवट झाल्या. मठ्ठा तासाभरात संपतो, बिया पंधरा दिवस ठेवायच्या असतात, एवढा साधा फरक माझ्या ध्यानात आला नाही. तिसऱ्या खेपेला बिया निखाऱ्यांच्या इतक्या जवळ होत्या की त्या पुन्हा भाजल्या गेल्या आणि जो काही सुवास होता तो उडून गेला.

धूर थंड होऊन बियांपर्यंत पोहोचला पाहिजे, हे त्यातून शिकलो. आता मी तेलाच्या एका पत्र्याच्या डब्यात निखारे आणि पेरूच्या वाळक्या लाकडाच्या ढलप्या ठेवतो. डब्याला हातभर लांब पत्र्याची नळी. नळीचे दुसरे तोंड झाकलेल्या पातेल्यात, आणि पातेल्यात चाळणीवर बिया. वीस मिनिटे, मध्ये एकदा हलवायच्या. त्याहून जास्त दिला तर कॉफी न लागता राख लागते. भाजण्यापूर्वी कच्च्या बियांना धूर दिला तर चव सौम्य उतरते, भाजून दिला तर ठळक. मला पहिली आवडते, माझ्या मित्राला कुठलीच नाही. धुरी दिलेल्या बिया ज्या यंत्रात दळाल त्यात पुढच्या साध्या बियांनाही तोच वास लागतो, म्हणून आमच्याकडे एक जुना हातगिरणीचा डबा त्यासाठी निराळा ठेवला आहे. आणि भाजताना घट येते ती हिशेबात धरा. माझ्या एक किलो कच्च्या बियांच्या ८३० ग्रॅम झाल्या. बियांत मुळात शेकडा दहा-बारा भाग पाणी असते, ते जाते. वरची टरफले उडतात. हा घट-खर्च वजा करूनही घरची कॉफी दुकानच्या पाकिटापेक्षा पुष्कळ स्वस्त पडली. धुराचा खर्च मी शून्य लिहिला होता. ढलप्या फुकट, निखारे पाणी तापवायच्या बंबातले.

तो शून्य चुकीचा होता. आता पहिल्या प्रश्नाकडे येतो.

आमच्या आजीचा जन्म खेड्यातला, लग्न होऊन ती आली तेही खेड्यातच. शेण्या, काटक्या, तुराट्या, पावसाळ्यात ओली लाकडे. फुंकणीने फुंकून फुंकून तिने घर जेवू घातले. आम्ही बेळगावात राहायला आलो त्यानंतर गॅस आला, पण तोवर तिची छाती गेली होती. दोन वर्षांपूर्वी तिला डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी विचारले, "घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं?" कुणीच नाही म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "चूल किती वर्षं?" आजी लाजल्यासारखी हसली. जन्मात पहिल्यांदाच कुणी तिला हा प्रश्न विचारला होता. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने २०२० ह्या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. चुलीजवळ उभे राहणारे आणि कडेवर असणारे, म्हणजे बायका आणि पोरे, ह्यांच्या वाट्याला हा धूर अधिक येतो. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली ती ह्याच कारणाने.

आणि डोळ्यांना चुरचुरणारा धूर तरी कळतो. पेटत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. उत्तरेकडे थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. मी बंद खिडकीच्या आत कढईत निखारे घेऊन बसलो होतो, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त भुसा सर्दावण्याची काळजी होती.

परिव्यय लेखांकनाच्या तासाला आम्हाला शिकवतात की खर्च नाहीसा होत नाही, तो कोणत्या तरी खात्यावर पडतो. माझ्या वहीत धूर शून्य होता कारण तो आजीच्या नावे पडला होता. चवीची जमा माझी. मित्राच्या वडिलांच्या बाबतीतही तेच. त्यांच्या बियांना लागलेला धूर त्यांच्या नावे, आणि दुकानातल्या पाकिटावरचा धूर दुकानदाराच्या जमेस. ज्यांनी धूर मागितला नाही त्यांच्या नावे तो पडावा आणि ज्यांनी मागितला त्यांनी त्याचे कौतुक करावे, ह्यातले कौतुक मला नको असे नाही. मला ते हवेच आहे. मी ती कॉफी आवडीने पितो. पण पहिली नोंद न करता दुसरी करणे हा खोटा हिशेब आहे, आणि बी. कॉम.च्या मुलाला तर तो मुळीच शोभत नाही.

काही वाचक म्हणतील, ज्या चुलीने माणसे आजारी पाडली तिची चव तरी हवी कशाला? आमच्या वर्गातल्या एका मुलीने हेच विचारले होते. तिचा मुद्दा माझ्या आईच्या वाक्याइतकाच खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच सांगू शकतो की आजीला स्वतःला चुलीवरच्या भाकरीची आठवण येते. 'गॅसची भाकरी फुगते, पण वासच नाही' असे ती म्हणते आणि पुढच्याच श्वासाला गॅसच्या शेगडीला नमस्कार करते. ज्याने सोसले त्याला दोन्ही म्हणण्याचा अधिकार आहे. आपण, ज्यांनी फुंकणी फक्त चित्रात किंवा मामाच्या गावी पाहिली, त्यांनी 'चुलीवरचे' अशी पाटी लावलेल्या धाब्यावर बोटे चाटताना आत फुंकणारे कोण आहे, हे एकदा डोकावून पाहायला हरकत नसावी.

आता आमच्या घरी नियम झाला आहे. धुरी परसात, पेरूच्या झाडाखाली, पाऊस नसताना, वारा घराकडून बाहेर वाहत असेल तेव्हाच. महिन्यातून एखादा दिवस असा सापडतो. पाव किलोहून जास्त बिया घेत नाही. गेल्या खेपेला आजीने सांगून खुर्ची मागच्या दारात आणवली आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून माझे काम पाहत होती. "निखारे राखेत झाक की जरा, नाहीतर पेट घेतील ढलप्या," अशा सूचना देत होती. तिच्या सूचनेने धूर खरोखरच मऊ आला. कॉफी झाल्यावर तिने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि जायफळ मागितले. जायफळाशिवायची कॉफी म्हणजे काढा, हे आमच्या घरचे जुने मत; ते तिने ह्या कॉफीलाही लागू केले. धूर आणि जायफळ एकमेकांशी भांडतात असे मला वाटले, पण बोललो नाही.

त्यातली एक पुडी माझा मित्र दिवाळीच्या सुट्टीत गावी घेऊन गेला. त्याच्या वडिलांनी ती उघडली, नाकाशी धरली आणि विचारले, "इदु यार मालु? वापस कळसु." हा कुणाचा माल, परत पाठव. मग मुलाने त्यांना सगळी हकीकत सांगितली, कँटीनमधल्या त्या पाकिटाचीही. ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांनी पुडी परत केली नाही. शहरात ह्याला काय भाव मिळतो तो नक्की आकडा लिहून पाठव, असा निरोप त्यांनी माझ्यासाठी दिला आहे. पाकिटावरचा आकडा माझ्याजवळ आहे. पत्र अजून लिहून झालेले नाही.